एकही मूल मागे न ठेवता शाळेची सहल कशी काढावी

दिवाळीची सुट्टी संपली की वर्गावर्गांत सूचना फिरते : 'इच्छुक विद्यार्थ्यांनी शनिवारपर्यंत १,८०० रुपये जमा करावेत.' गोम 'इच्छुक' या शब्दात आहे. ज्याच्या घरी पैसे नाहीत ते मूलही इच्छुकच असतं, पण दोन दिवसांनी ते हळूच सांगतं, 'बाई, मला गाडी लागते.' कुणाच्या मामाचं लग्न निघतं, कुणाची आजी आजारी पडते. एकाच वर्गातल्या सहा जणांना एकाच आठवड्यात गाडी लागायला लागली, तर सहलीची रक्कम चुकली आहे असं खुशाल समजावं.

ही चूक दिवाळीनंतर दुरुस्त होत नाही. तोवर ठिकाण ठरलेलं असतं, गाडीवाल्याला आगाऊ रक्कम गेलेली असते, आणि मग 'गरजूंना काहीतरी सवलत देऊ' एवढंच हातात उरतं. म्हणून क्रम उलटा करा. आधी रक्कम ठरवा, मग त्या रकमेत बसेल ते ठिकाण.

रक्कम कशी काढायची

जून-जुलैच्या पहिल्या पालक सभेत प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या. नाव लिहायचं नाही, वर्गही नाही. 'यंदाच्या सहलीसाठी एका मुलामागे ओढाताण न करता किती देता येतील?' एवढा एकच प्रश्न. चिठ्ठी घडी घालून डब्यात. सभेला न येणाऱ्या पालकांना तीच चिठ्ठी मुलासोबत बंद पाकिटात पाठवा, कारण सभेला न येणारे बहुधा रोजंदारी बुडवू न शकणारेच असतात. त्यांना वगळलंत तर सगळा आकडाच फसवा निघतो.

आता चिठ्ठ्यांची सरासरी काढू नका. चार जणांनी २,००० लिहिले की सरासरी वर जाते आणि तळाचे दहा जण दिसेनासे होतात. चिठ्ठ्या लहान रकमेकडून मोठ्या रकमेकडे लावा. ४० चिठ्ठ्या असतील तर खालून दहावी उचला. तिच्यावरची रक्कम ही सहलीची मर्यादा. तेवढे तीन चतुर्थांश घरांना झेपतात, उरलेल्यांची सोय पुढे सांगितली आहे.

खर्च कागदावर मांडताना

सहलीचा खर्च दोन प्रकारचा असतो. मुलं कितीही येवोत, गाडीचा खर्च तेवढाच. नाश्ता-खाऊ मात्र डोक्यामागे. हे दोन्ही एकत्र करून 'प्रत्येकी इतके' म्हटलं की हिशेब झाकला जातो. पुण्याच्या बाजूची एखादी शाळा शिवनेरी आणि लेण्याद्रीला जाते आहे असं धरू. आकडे उदाहरणाचे आहेत, दर आपल्या आगारात विचारून घालावेत.

७८ मुलं, ८ शिक्षक, ४४ आसनांच्या दोन एसटी गाड्या. सवलतीनंतर दोन्ही गाड्यांचे मिळून २२,००० रुपये. पार्किंग, चालकांचं जेवण, प्रथमोपचाराची पेटी यांचे १,४००. म्हणजे ठरलेला खर्च २३,४००, मुलामागे ३००. नाश्ता आणि संध्याकाळचा खाऊ ५० रुपये. दुपारचा डबा घरून. एकूण मुलामागे ३५०.

आता १८ मुलं पैशांमुळे गळली असं समजा. उरलेल्या ६० मुलांना गाड्या दोनच लागणार. २३,४०० भागिले ६० म्हणजे ३९०, वर खाऊचे ५०. प्रत्येकी ४४० झाले.

त्याऐवजी तीच १८ मुलं सोबत घेतली, त्यांतल्या १० जणांकडून काहीच घेतलं नाही आणि ८ जणांकडून निम्मे घेतले तर? एकूण खर्च २७,३००. पूर्ण रक्कम भरणाऱ्यांना सुमारे ४२७ रुपये पडतात. म्हणजे अठरा मुलांना मागे ठेवण्यापेक्षा सोबत नेणं बाकीच्यांना १३ रुपयांनी स्वस्त पडतं. अठराच्या अठरा अगदी फुकट नेली तरी ४५५, फक्त १५ रुपये जास्त. 'आमच्या मुलांनी दुसऱ्यांचे पैसे का भरायचे?' असं सभेत कुणी विचारलं तर हा कागद पुढे करावा. गाडीतली रिकामी सीटही आपण विकतच घेतलेली असते, तिच्यावर मूल बसवायला फक्त खाऊचे ५० रुपये जास्त लागतात.

शिक्षकांच्या खाण्याचा आणि तिकिटांचा खर्च मुलांच्या रकमेत घालू नये. खासगी सहल कंपन्या 'इतक्या मुलांमागे एक शिक्षक मोफत' म्हणतात तेव्हा ते मोफत नसतं, मुलांच्या पावतीत वाटून टाकलेलं असतं. दर मागताना 'मोफत जागा वगळून मुलामागे किती?' असं लेखी विचारा. आकडा खाली येतो.

गाडी आणि ठिकाण

मान्यताप्राप्त शाळांच्या शैक्षणिक सहलींना एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी सहलीपुरती भाड्याने घेण्यावर, ५० टक्के सवलत देते. मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीतले शुक्रवार-शनिवार सगळ्यांनाच हवे असतात, म्हणून मंगळवार किंवा बुधवार मागा. ठरल्यापेक्षा किलोमीटर किंवा तास वाढले की पैसेही वाढतात. परतीच्या वाटेवर ऐनवेळी 'अजून एक देऊळ' घुसवलं की हिशेब तिथेच बिघडतो.

लांब जायचं तर रेल्वे पाहा. शैक्षणिक सहलींसाठी विद्यार्थ्यांना द्वितीय श्रेणी आणि स्लीपरच्या भाड्यात सवलत आहे, ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांना वर्षातून एकदा अभ्यास सहलीसाठी द्वितीय श्रेणीत ७५ टक्के.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. दहावीच्या वर्गातली काही मुलं पंधरा ओलांडलेली असतात, तेव्हा शाळेच्या लेटरहेडवर जन्मतारखांसह यादी न्यावी. तिकीटखिडकीवरची हुज्जत टळते आणि कुणा मुलाला तिथे उभं राहून खिसा चाचपावा लागत नाही. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा आणि घारापुरी सोमवारी. हे न पाहता गेलेल्या शाळेचा दिवस शेवटी तिकीट लावलेल्या एखाद्या बागेत जातो, आणि ते पैसे मुलांकडून जागेवर मागितले जातात.

शिवनेरीला सात दरवाजे ओलांडत वर जायला मुलांना तास-दीड तास लागतो. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. तिथली माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून डबे खाली गाडीत ठेवावेत. शिवनेरीवर आग्या मोहोळ असतं, तेव्हा अत्तर, स्प्रे, आरडाओरडा नको. दिवस भरगच्च होतो आणि वर विकत घ्यायला फारसं काही नसतं, ही या जोडीची मोठी जमेची बाजू. वॉटरपार्कवर आमचा राग नाही, पण तिथे लॉकर, पोशाख, आइसक्रीम सगळ्याला वेगळे पैसे पडतात आणि पावतीवर मात्र प्रवेशशुल्कच दिसतं.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण विभागाने सहलींच्या अटी कडक केल्या. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींबरोबर शिक्षिका हे सगळ्यांना पाठ असतं. सहलीची सक्ती करू नये आणि जादा शुल्क घेऊ नये हेही त्याच अटींत आहे, ते मात्र सोयीने विसरलं जातं.

तारीख ठरवताना ऊसतोड कामगारांची मुलं विसरू नका. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं फडावर जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. बीड, अहिल्यानगरकडच्या शाळांनी डिसेंबरची तारीख धरली की ही मुलं आपोआप बाहेर पडतात आणि यादीत ती 'गैरहजर' म्हणून दिसतात. गणपतीनंतर, पाऊस ओसरताना जवळची सहल काढावी. गडाचा नाद त्या वर्षी सोडावा, निसरड्या पायऱ्यांवर जोखीम नको.

पैसे गोळा करताना

इथे सगळ्यात जास्त मुलं दुखावली जातात, आणि तेही नकळत. पैसे वर्गात गोळा करू नयेत. मॉनिटरकडे तर नाहीच. कार्यालयाची खिडकी, ठरलेले दोन वार, आणि पावती सगळ्यांना सारखी. पूर्ण रक्कम, निम्मी रक्कम, शून्य रक्कम, तिन्हींना एकाच रंगाची, 'सहलीची जागा निश्चित' एवढंच लिहिलेली चिठ्ठी मिळावी. रक्कम फक्त कार्यालयाच्या वहीत. फळ्यावर नावं नाहीत. व्हॉट्सॲप गटावर 'उरलेल्यांनी त्वरित भरावे' अशी यादी नाही. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट पालक टाकायला लागतात, म्हणून तेवढे दिवस गटावर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून ठेवा.

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत महिन्याला ७० रुपये घेतले तर ३५० होतात. हप्ता चुकला म्हणून दंड नको, आठवण मुलाला नव्हे तर पालकाला फोन करून.

सवलतीचा अर्ज वेगळा ठेवला की तो मागायलाच लोक लाजतात. म्हणून एकच कागद सगळ्या घरी जाऊ द्या आणि सगळ्यांनी तो बंद पाकिटात परत करायचा. त्यावर तीनच ओळी :

'पूर्ण रक्कम एकदम भरू. / हप्त्यांनी भरू. / या वर्षी ______ रुपये भरू शकतो.'

तिसऱ्या ओळीत शून्य लिहिलं तरी कारण विचारायचं नाही. उत्पन्नाचा दाखला मागू नका. तो काढायला सेतूत खेपा, त्या दिवसाची मजुरी जाते, आणि रिक्षा चालवणाऱ्याचा, धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा या महिन्यात आखडलेला हात दाखल्यात दिसत नाही. पाकिटं मुख्याध्यापक आणि एक शिक्षिका अशा दोघांनीच उघडावीत. ऐपत असून कमी लिहिणारे एखाद-दोन निघतील. निघू द्या. वरच्या हिशेबात त्यांना गाठण्यापेक्षा सोडून देणं स्वस्त आहे.

तूट ग्रामपंचायत, पतसंस्था, माजी विद्यार्थी यांच्याकडून भरून निघते, पण मदत सहल निधीला घ्यावी, मुलाच्या नावाला नाही. देणाऱ्याला नावं सांगायची नाहीत, स्टेजवर बोलावून फोटो काढायचे नाहीत. 'पाच गरीब मुलांना सहल' असा फलक लागला की त्या पाचांपैकी तीन जण सहलीच्या दिवशी आजारी पडतात.

पावतीवर न दिसणारा खर्च

घरी खरा ताण इथे येतो. रंगीत कपडे सांगितले की नवा ड्रेस आला. म्हणून गणवेश, तो गर्दीत मुलं मोजायलाही बरा. सहलीचा टी-शर्ट, टोपी काही नको. खाऊच्या पैशांची '५० रुपयांपर्यंत' अशी मर्यादा टिकत नाही, कारण खिसे तपासता येत नाहीत आणि तपासू नयेत. त्यापेक्षा गाडी बाजारपेठेत, मॉलजवळच्या हॉटेलात थांबवूच नका, आणि शेंगदाणा चिक्की, केळं, चहा सगळ्यांना सारखा शाळेकडून द्या. डबा अंगतपंगत करून : सहा-सात मुलांचा गोल, सगळे डबे मध्ये. कुणाकडे पुलाव, कुणाकडे भाकरी-ठेचा, आणि ठेचा आधी संपतो. फोन घरी. फोटो शिक्षकांनी काढून नंतर सगळ्यांना द्यावेत.

पहाटे पाचला शाळेत सोडायचं तर रिक्षाचे पैसे लागतात. वस्तीवरून दोन ठिकाणी गाडी थांबवून मुलं घ्यावीत आणि परतताना तिथेच सोडावीत.

आणि खरोखर गाडी लागणारी मुलंही असतात. पुढची, खिडकीची जागा, हलका नाश्ता, कागदी पिशव्या, पालकांनी दिलेली गोळी निघण्याआधी अर्धा तास. 'गाडी लागते' म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी हीच सोय सांगावी. एवढं सांगूनही मुलाने मान खाली घातली, तर अडचण पैशांची असते, दुपारी घरी फोन करावा.

खासगी शाळेची १८,००० रुपयांची सूचना हातात आली असेल तर

शिक्षक-पालक संघाच्या प्रतिनिधीमार्फत लेखी विचारा : गाडी, मुक्काम, जेवण, प्रवेश, शिक्षकांचा खर्च वेगवेगळा किती, आणि जी मुलं येणार नाहीत त्यांचा त्या दिवसांचा अभ्यास काय. शिक्षण हक्क कायदा, २००९ खाली २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलांना सहलीतून वेगळं काढणं त्या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे, हे पत्रात स्पष्ट लिहा. अनुदानित आणि सरकारी शाळेत हाच प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत मांडता येतो. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. सहलीवर निबंध, प्रकल्प किंवा गुण ठेवलेले असतील तर ते काढून टाकायची मागणी आधी करा. विमानाने परराज्यात नेणं हा शाळेचा कार्यक्रम होऊ शकत नाही असं आमचं मत आहे. ज्यांना जायचं त्यांनी सुट्टीत, शाळेचं नाव न लावता जावं.

सहल आटोपल्यावर आठ दिवसांत जमा आणि खर्चाचा एकूण हिशेब सूचना फलकावर लावा. नावं नाहीत, फक्त बेरजा आणि गाडीच्या पावतीची प्रत. उरलेले पैसे वाटत बसू नका. वाटताना कुणी किती भरले होते ते उघड होतं. ते सहल निधीच्या खात्यात जमा करून पुढच्या जूनच्या सभेत, कोऱ्या चिठ्ठ्या वाटण्याआधी, शिल्लक वाचून दाखवा.