रॉडवरचा पांढरा थर: खरवडू नका

जळगावात नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली की अर्धं गाव बोअरवर. मग महिनाभरात बादलीत पाणी तापवायच्या रॉडवर चुन्याची खपली चढते. हा बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. पाणी तापलं की तोच दगडासारखा चिकटून बसतो.

सुरीने खरवडलं की रॉडच्या नळीवर ओरखडे पडतात. त्यापेक्षा बटण बंद करून रॉडचा प्लग काढा आणि रॉड पूर्ण गार होऊ द्या. प्लास्टिकच्या भांड्यात लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व (किराणा दुकानात सुटं मिळतं) विरघळवा आणि फक्त नळीचा भाग तासभर बुडवा. फसफस आवाज येतो, थर आपोआप सुटतो. धुवून, नीट कोरडा करूनच पुन्हा लावा. शॉवरची जाळीही अशीच स्वच्छ निघते.

हे पाणी शहाबादी फरशीवर मात्र सांडू देऊ नका. ती चुनखडीचीच, चकाकी जाईल. आणि ॲसिडच्या बाटलीचा मोह नकोच.

तुरटी फिरवून पाणी मऊ, म्हणजे कमी क्षाराचं, होत नाही, तिने फक्त गढूळपणा खाली बसतो. याच क्षारामुळे तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही दाताखाली येत असेल, तर डाळीपुरतं पाणी आधी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार करा, तळाचा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. आमच्याकडे खिचडीलाही हेच पाणी.