‘प्लॅन पास झाला’ म्हणजे नेमके काय? पुनर्विकासात या चुका टाळा

मुलुंड, गोरेगाव किंवा बोरिवलीतील एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास मार्गी लागला की सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास येतो: ‘सर्वांचे अभिनंदन, आपला प्लॅन पास झाला आहे.’ त्याखाली जोडलेल्या हातांची आणि पेढ्यांची रांग लागते. मात्र कोणता कागद, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या अटींवर मिळाला, हे विचारणारा सभासद शंकेखोर ठरतो. परवानग्यांच्या बातम्या समजून घेताना होणाऱ्या बहुतेक चुका कागद न पाहता निरोपावर विसंबल्यामुळे होतात.

आयओडीला बांधकामाची परवानगी समजणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली मिळणारा कागद, ज्याला सगळे आयओडी म्हणतात आणि अलीकडच्या फायलींत ज्याचे नाव आयओए असे दिसते, तो नकाशांना दिलेला अटींसह होकार असतो. अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र, प्रीमियमचा (वाढीव बांधकाम क्षेत्रासाठीच्या शुल्काचा) भरणा, हमीपत्रे, मलबा वाहून नेण्याची व्यवस्था अशा अनेक अटी त्याला जोडलेल्या असतात आणि त्यांतील काही काम सुरू होण्याआधीच पूर्ण कराव्या लागतात. बांधकामाला हात घालण्याची परवानगी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली मिळणारे प्रारंभ प्रमाणपत्र, अर्थात सीसी.

सीसी मिळाली म्हणूनही निर्धास्त होऊ नये. पहिली सीसी बहुधा जोत्यापर्यंतच्या कामापुरती असते आणि जोत्याची तपासणी झाल्यावर ती पुढच्या मजल्यांसाठी वाढवून घ्यावी लागते. तिची मुदत एका वर्षाची असते व तीही वेळच्या वेळी वाढवून घ्यावी लागते. त्यामुळे ‘बावीस मजल्यांची सीसी आली’ असे कोणी सांगितले, तर कागदाच्या शेवटी किंवा मागे असलेली नोंद वाचावी, कारण ती कोणत्या पातळीपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे तिथेच लिहिलेले असते.

या फरकाचा थेट संबंध घर सोडण्याशी आहे. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सर्व कायदेशीर परवानग्या मिळाल्यावरच सदनिका रिकाम्या करण्याची प्रक्रिया सुरू होणे अपेक्षित आहे. नुसत्या आयओडीवर इमारत रिकामी करून आणि पाडून बसलेल्या संस्थेच्या हाती विकासकावर दबाव आणण्याचे फारसे काही उरत नाही. आधीच घरे सोडून झाली असतील, तर विकास करारनाम्यातील तीन कलमे काढून वाचावीत: भाडे कोणत्या टप्प्यापर्यंत देय आहे, बँक हमी कोणत्या रकमेची व कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे आणि सीसीला विलंब झाल्यास दंड काय आहे. बँक हमीची मुदत संपत आली असेल, तर ती संपण्यापूर्वी नूतनीकरणाची लेखी मागणी गेलीच पाहिजे. मुदत उलटल्यावर बँक संस्थेच्या पत्राला दाद देत नाही.

चुकीच्या कार्यालयात चौकशी करणे

साध्या सोसायटीची फाइल महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात असते आणि त्या विभागाची शहर, पूर्व उपनगरे व पश्चिम उपनगरे अशी वाटणी आहे. विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर किंवा घाटकोपरचे पंत नगर यांसारख्या म्हाडा वसाहतींत मात्र २०१८ पासून म्हाडाच नियोजन प्राधिकरण आहे आणि झोपडपट्टी योजनांची फाइल झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे असते. आधी फाइल क्रमांक मिळवावा, कारण तो नसेल तर कोणत्याही खिडकीवरून रिकाम्या हाताने परतावे लागते.

सुधारित नकाशे डोळ्यांखालून न घालणे

मंजूर नकाशे एकदाच बदलतात असे समजणे भाबडेपणाचे आहे. टीडीआर (दुसऱ्या भूखंडाचा विकत घेतलेला विकास हक्क) नंतर घेतला जातो, शेजारचा भूखंड जोडला जातो, पार्किंगची पद्धत बदलते आणि प्रत्येक वेळी सुधारित नकाशे सादर होतात. मूळ नकाशाचे सादरीकरण सभागृहात, चहा-सामोशांसह झालेले असते. तिसऱ्या सुधारित नकाशाची मात्र कोणाला खबरही नसते.

नकाशाच्या पत्रकावर प्रोफॉर्मा ए नावाचा क्षेत्रफळाचा तक्ता असतो. वास्तुशास्त्राचे शिक्षण नसलेल्या माणसालाही तो वाचता येतो आणि वाचायला हवा. भूखंडाचे क्षेत्रफळ, रस्ता रुंदीकरणात जाणारी जागा, अनुज्ञेय चटई क्षेत्र (बांधता येणारे क्षेत्र), फंजिबल क्षेत्र (त्यावर मिळणारे जादा क्षेत्र) असे सगळे त्यात ओळीने येते. जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून कोणती ओळ बदलली ते पाहावे. उदाहरणार्थ, विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील नियम ३३(७)(ब) नुसार तीस वर्षे जुन्या इमारतींच्या संस्थांना विद्यमान बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांपैकी जे अधिक असेल तितके वाढीव क्षेत्र मिळते. हे क्षेत्र पहिल्या नकाशात नव्हते आणि दुसऱ्यात आले असेल, तर त्यातील सभासदांच्या वाट्याला किती आले, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारण्याचा सभासदांना पूर्ण अधिकार आहे.

यानंतर आपल्या सदनिकेकडे वळावे. नकाशे चौरस मीटरमध्ये असतात आणि करारनामा बहुधा चौरस फुटांत, १०.७६४ ने गुणले की हिशेब जुळतो, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरची सदनिका ५०० चौरस फुटांची होते. पण गुणाकारापूर्वी कोणता कार्पेट (घराच्या आतले वापरता येणारे क्षेत्र) धरला आहे ते पाहावे. रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, व्याख्येत आतल्या भिंतींखालची जागा कार्पेटमध्ये मोजली जाते, त्यामुळे पूर्वीच्या पद्धतीने आतल्या भिंती वगळून मोजलेली तीच खोली रेराच्या कागदावर मोठी दिसते. करारात ‘मोफा कार्पेट’ (मोफा या जुन्या सदनिका कायद्यानुसारचे, म्हणजे या पूर्वीच्या पद्धतीचे क्षेत्र) लिहिले असेल आणि नकाशावर रेरा कार्पेट दाखवून ‘क्षेत्र पूर्ण दिले’ असे सांगितले जात असेल, तर घरात पाऊल ठेवण्याआधीच काही फूट गेलेले असतात. मजला, दिशा, पार्किंग टॉवरची भिंत खिडकीसमोर आली आहे का, रेफ्यूज मजला (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेला) सरकल्याने क्रमांक बदलले आहेत का, हेही त्याच बैठकीत तपासून घ्यावे.

मंजूर नकाशे सर्वसाधारण सभेपुढे माहितीसाठी ठेवावेत आणि सभासदाने मागितल्यास योग्य शुल्क घेऊन प्रती द्याव्यात, असे ७९(अ) चे निर्देश सांगतात. तेव्हा समितीने प्रत देणे हा उपकार नव्हे. ‘भविष्यातील सर्व बदलांना संमती’ अशा मजकुराच्या पत्रावर आगाऊ सही करू नये. केलीच असेल, तर यापुढील प्रत्येक सुधारित नकाशा सभेपुढे आल्याशिवाय ती संमती वापरू नये, असा ठराव संस्थेने करून विकासकाला कळवावा. विक्रीच्या सदनिका घेणाऱ्यांना रेराच्या कलम १४ खाली दोन तृतीयांश संमतीचे संरक्षण आहे. जुन्या सभासदांची मदार मात्र मुख्यतः विकास करारनाम्यावर आणि वैयक्तिक करारनाम्यावर असते, म्हणून मंजूर नकाशा त्या करारनाम्याला जोडलेला असणे अत्यावश्यक आहे.

उंचीचा आकडा जमिनीपासून मोजणे

विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात विमानतळ प्राधिकरणाचे उंचीसाठीचे प्रमाणपत्र लागते. त्यातील उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, जमिनीपासून नव्हे. प्रमाणपत्रावर ६० मीटर लिहिले असेल आणि भूखंड समुद्रसपाटीपासून १२ मीटर उंच असेल, तर इमारतीला उरतात ४८ मीटर, आणि त्यांतच पाण्याची टाकी व लिफ्टची खोली बसवावी लागते. या वजाबाकीअभावी सभेत मजल्यांची जी स्वप्ने रंगतात, ती पुढे विक्रीच्या सदनिका कमी झाल्या की सभासदांच्या कॉर्पसमधून (विकासकाकडून मिळणाऱ्या निधीतून) कापली जाण्याचा धोका असतो.

बातमीचा एकच झरा ठेवणे

घरे सोडल्यावर सभासद विरारपासून डोंबिवलीपर्यंत पांगतात आणि सभेच्या सूचना पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावरच लिहिल्या जातात. प्रत्येकाने भाड्याच्या घराचा पत्ता आणि ई-मेल संस्थेला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पाची माहिती दर तीन महिन्यांनी अद्ययावत करणे विकासकाला बंधनकारक आहे. तिथे चढवलेली सीसी आणि ग्रुपवरचा निरोप जुळतो का, हे पाहायला काही मिनिटे पुरतात. जुळत नसेल आणि समितीही कागद दाखवत नसेल, तर फाइल क्रमांक देऊन माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता शेवटच्या मंजूर नकाशाची प्रत, सीसीची सर्व पृष्ठे आणि भरलेल्या प्रीमियमच्या पावत्या असे नेमके मागावे.

ओसीविना ताबा घेणे

‘फर्निचर करायला चावी घ्या’ असे सांगून चाव्या दिल्या जातात, सभासद राहायला जातात आणि भाडे बंद होते. भोगवटा प्रमाणपत्राविना, म्हणजेच ओसीविना, राहणाऱ्या इमारतीला पाण्याचे देयक वाढीव दराने येते आणि अपूर्ण राहिलेल्या अटी पूर्ण करण्याची विकासकाची निकडही संपते. अंशतः ओसी मिळाली असेल, तर तिच्यात आपली विंग व मजला आहे का, हे पाहावे. चावी घ्यावीच लागली, तर ‘केवळ फर्निचरच्या कामासाठी, भाड्याचा हक्क राखून’ असे चावीच्या पावतीवर लिहून घ्यावे आणि त्या पावतीवर विकासकाची सही व तारीख घ्यावी.