जिताडा दोरी कापून पळत होता: माझा अनुभव

माघात रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत गळ टाकत होतो. तीनदा जिताडा मासा लागला, तीनदा दोरी तुटली. मला वाटलं, गाठच कच्ची. शेजारच्या कोळी काकांनी तुटलेलं टोक बोटांत फिरवलं. "गाठ नाय रं, कल्ल्यानं कापलीय." जिताड्याचे दात बारीक, नुसते खरखरीत, पण कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीच!

आधी लोखंडी तार लावली, तर मासा फिरकेना. मग गळाच्या वर दोन हात ४० पौंड ताण सोसणारी जाड दोरी जोडली, रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरीवरचा ब्रेक, सैल केला. थंड पाण्यात मासा आळसावतो, म्हणून रबरी कोळंबी अगदी सावकाश ओढली. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, भरती लागताना, अडीच किलोचा आला. डोकं मी कुणाला दिलं नाही.