घरी बांधलेली सिरीज हायब्रिड: जनरेटर आणि मोटरच्या कंट्रोलमधल्या या चुका टाळा

सिरीज हायब्रिडमध्ये इंजिनाचा चाकांशी थेट संबंध नसतो. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर डीसी बसवर (बॅटरी, जनरेटर आणि मोटर यांना जोडणाऱ्या सामायिक डीसी तारांवर) वीज टाकतो आणि मोटर तिथून ती उचलते. सवयीने आपण अॅक्सिलरेटर इंजिनाच्या थ्रॉटललाही जोडायला जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. पेडलची आज्ञा फक्त मोटर कंट्रोलरला जाऊ द्या. इंजिनाने सरासरी लोड सावकाश भागवायचा. चढ, ओव्हरटेक यांची तात्पुरती मागणी बॅटरीने भागवायची.

मला सगळ्यात जास्त छळलं ते लोड घेताच बंद पडणाऱ्या इंजिनाने. जनरेटरच्या कंट्रोलरला मी कायम 6 किलोवॅट पॉवर खेचायला सांगितलं होतं. 3000 आरपीएमवर त्यासाठी साधारण 19 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. इंजिन जरा अडखळून 2400 वर आलं, की तेवढ्याच पॉवरसाठी 24 लागतो. म्हणजे इंजिन दमायला लागलं की नेमकं तेव्हाच ओझं वाढतं! आवाज जड व्हायचा, दोन-तीन आचके, की इंजिन बंद. मी तीनदा कार्ब्युरेटर खोलला. त्यात काही बिघाड नव्हताच. जनरेटरला पॉवरऐवजी टॉर्कची मर्यादा दिली, आरपीएम 2700 खाली गेला की टॉर्क उतरवत नेला, आणि त्रास थांबला. वेग सांभाळायचं काम एकट्या गव्हर्नरचं (थ्रॉटल हलवून इंजिनाचा आरपीएम स्थिर ठेवणारा भाग). जनरेटरचा कंट्रोलरही वेग धरायला लागला तर दोघांची ओढाताण होते आणि आरपीएम झुलत राहतो.

परमनंट मॅग्नेट जनरेटरला साधा डायोड ब्रिज (एसीचं डीसी करणारी, कंट्रोल नसलेली डायोडची जोडणी) लावला असेल तर टॉर्कला मर्यादा घालायची ही सोय मिळत नाही. त्याचं व्होल्टेज आरपीएमच्या प्रमाणात वाढतं. बसच्या व्होल्टेजखाली करंट शून्य, आणि ते ओलांडलं की थोड्याशा आरपीएमनेही करंट झपाट्याने चढतो. तिथे करंट मोजून थ्रॉटल हलवावा लागतो, तोही हळूच.

इंजिन वारंवार चालू-बंद होतंय? बहुधा तुम्ही बॅटरीचं लोडखालचं व्होल्टेज बघून निर्णय घेताय. पेडल दाबलं की ते खाली बसतं, सोडलं की वर येतं. त्यापेक्षा आत-बाहेर गेलेल्या अँपिअर-तासांचा हिशोब ठेवा आणि चालू-बंदच्या पातळ्यांत भरपूर अंतर ठेवा.

जनरेटर वीज देत असताना बॅटरीचा काँटॅक्टर (बॅटरीला बसशी जोडणारा मोठा रिले) कधीही उघडू नका. वीज जायला जागा उरत नाही, बसचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि कंट्रोलरचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर), कपॅसिटर जळतात. आधी जनरेटरचा टॉर्क शून्य, मग इंजिन बंद, शेवटी काँटॅक्टर. डायोड ब्रिज असेल तर इंजिन थांबेपर्यंत थांबा. बॅटरी भरलेली असताना लांब उतारावर रीजनमुळेही (ब्रेक लावताना मोटरने उलट वीज तयार करण्यामुळे) बसचं व्होल्टेज असंच चढतं; तिथे आधी जनरेटर बंद करा, मग रीजन कमी करा.

चालू करताना प्रीचार्ज (काँटॅक्टर जोडण्याआधी रेझिस्टरमधून कंट्रोलरचे कपॅसिटर हळू भरणं) टाळलात तर काँटॅक्टरचे पॉइंट चिकटतात. 5000 मायक्रोफॅरडला 100 ओहमचा रेझिस्टर असेल तर अडीच सेकंद थांबायचं, एवढंच.

रस्त्यावर नेण्याआधी चाकं जमिनीपासून उचला, पेडल किंचित दाबून ठेवा आणि पेडल सेन्सरची एकेक वायर काढून बघा. ग्राउंडची वायर तुटली की काही कंट्रोलर ते फुल थ्रॉटल समजतात. कुठलीही वायर निघाली तरी मोटरचा टॉर्क शून्यावर आला पाहिजे. येत नसेल तर दोन ट्रॅकचा (दोन स्वतंत्र सिग्नल देणारा) सेन्सर बसवा आणि दोन्ही सिग्नल जुळत नसतील तर मोटर बंद होईल अशी सोय करा.