रेकॉर्डिंगमधली नेमकी जागा पुन्हा कशी सापडेल? स्क्रीन रीडरवरून खुणा ठेवण्याची पद्धत

तालमीचं रेकॉर्डिंग ५८ मिनिटांचं. गुरुजींनी यमनमधल्या बड्या ख्यालाचा मुखडा (समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडणारा बंदिशीचा तुकडा) तीन वेळा, तीन तऱ्हांनी घेऊन दाखवला आणि तिसऱ्या वेळी म्हणाले, ‘हा बसव.’ घरी येऊन तो तिसरा मुखडा शोधायला बसलं की अर्धा तास कुठे जातो कळत नाही. स्क्रीनवरची पट्टी आमच्या, म्हणजे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) ऐकून काम करणाऱ्यांच्या, कानाला ‘चव्वेचाळीस टक्के’ एवढीच सांगते. ५८ मिनिटांत एक टक्का म्हणजे जवळजवळ ३५ सेकंद. तेवढ्यात मुखडा येऊन समही निघून गेलेली असते.

म्हणून खुणा करायच्या. अभ्यासाची व्याख्यानं असोत, मुलाखत असो की गाण्याची तालीम, पद्धत तीच. एक गोष्ट मात्र मी ठेच खाऊन शिकलो आहे. फोनवरच्या एका ॲपमध्ये मी दोन वर्षं खुणा करत होतो. फोन बदलला आणि सगळ्या खुणा जुन्या फोनबरोबर गेल्या, रेकॉर्डिंगं तेवढी राहिली. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: खुणांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, रेकॉर्डिंगच्या शेजारी, त्याच नावाने ठेवायची. पुढची सगळी कृती त्याच हिशोबाने सांगतो. संगणक विंडोजचा आणि स्क्रीन रीडर एनव्हीडीए, जो फुकट मिळतो, असं धरलं आहे.

आधीची तयारी

एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. खुणांची नावं देवनागरीत लिहिणार असाल तर एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजाच्या सेटिंगमध्ये मराठी निवडून ठेवा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडलेला असला की विंडोज कळ आणि स्पेसबार यांनी भाषा बदलते.

दुसरं, एनव्हीडीए बोलतो तेव्हा रेकॉर्डिंग त्याच्याखाली दबून जातं किंवा दोन्ही एकमेकांत मिसळतात. एनव्हीडीए, शिफ्ट आणि डी दाबलं की तो बोलताना बाकीचा आवाज आपोआप खाली उतरवतो. संगणकावर रीतसर बसवलेल्या एनव्हीडीएतच हे चालतं. गाणं ऐकताना मी हे बंद ठेवतो, कारण मधेच आवाज उतरला की सूर हातचा जातो. व्याख्यानाला मात्र सुरू ठेवलेलं बरं. एनव्हीडीएचं बोलणं मधेच तोडायचं असेल तर नुसतं कंट्रोल दाबा.

पहिली पद्धत: व्हीएलसी आणि नोटपॅड

ही सगळ्यात सोपी आहे आणि बऱ्याच जणांना एवढीच पुरते. व्हीएलसी या प्लेअरमध्ये रेकॉर्डिंग लावा. डाव्या-उजव्या बाणाबरोबर शिफ्ट धरलं तर ३ सेकंद, आल्ट धरलं तर १० सेकंद आणि कंट्रोल धरलं तर एक मिनिट मागे-पुढे जाता येतं. या तीन उड्या बोटांत बसल्या की टक्क्यांच्या पट्टीकडे जावंच लागत नाही.

आता खूण:

१. हवी ती जागा आली की स्पेसबारने थांबवा.

२. कंट्रोल आणि टी दाबा. ही खिडकी ठरावीक वेळेवर उडी मारण्यासाठी आहे, पण ती उघडते तेव्हा तिच्यात चालू वेळ आधीच भरलेली असते. म्हणजे ‘आत्ता मी कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर इथे तास, मिनिटं, सेकंदांत मिळतं. नीट ऐकू आलं नाही तर चालू ओळ वाचण्याची आज्ञा द्या: डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए आणि वरचा बाण, लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए आणि एल.

३. एस्केप दाबून बाहेर या. आल्ट-टॅबने नोटपॅडमध्ये जा आणि एका ओळीत आधी वेळ, मग नाव लिहा. उदाहरणार्थ ‘००:१२:४० मुखडा, तिसरा, हा बसवायचा’.

४. कंट्रोल आणि एस. मग आल्ट-टॅबने परत व्हीएलसीमध्ये, स्पेसबार, पुढे चला.

परत जायचं असेल तेव्हा उलटा प्रवास: नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि एफने ‘अंतरा’ शोधा, ओळ ऐका, व्हीएलसीत कंट्रोल आणि टी, वेळ टाका, एंटर. तास, मिनिटं आणि सेकंद यांचे कप्पे वेगळे आहेत. डाव्या-उजव्या बाणांनी कप्पा बदला आणि आकडा टाका किंवा वर-खाली बाणांनी फिरवा.

नावाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ‘खूण १’, ‘खूण २’ अशी यादी आठवड्याने वाचली तर त्यातून काहीही उमगत नाही, आणि डोळ्यांनी झरकन नजर फिरवायची सोय आपल्याकडे नाही. आपण यादी वरून खाली एकेक ओळ ऐकतो. म्हणून ओळखीचा शब्द आधी यावा. ‘गुरुजींनी दाखवलेली वरच्या सप्तकातली तान’ असं लिहिलंत तर दहा ओळींची सुरुवात ‘गुरुजींनी’ने होईल. ‘तान, वरचं सप्तक’ असं लिहिलं की पहिल्याच शब्दावर कळतं आणि बाण दाबून पुढे जाता येतं.

गाणं शिकणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. खूण समेवर करू नका. समेवर खूण केलीत तर ऐकायला लागाल तेव्हा मुखडा संपलेला असेल, आणि मुखड्याशिवाय समेवर येण्याची मजाही नाही, शिक्षणही नाही. विलंबित एकतालात तर मुखड्याच्याही आधीच्या दोन मात्रा सापडतील अशी खूण करावी, म्हणजे ठेक्याची चाल कानात बसायला वेळ मिळतो. व्याख्यानातही वाक्य जिथे सुरू होतं त्याच्या दोन-तीन सेकंद अलीकडे खूण असावी.

व्हीएलसीच्या स्वतःच्याही खुणा आहेत. कंट्रोल आणि बीने त्यांची खिडकी उघडते आणि ‘क्रिएट’ बटण दाबलं की खूण होते. पण व्हीएलसी ३ मध्ये या खुणा प्लेलिस्टबरोबर राहतात. कंट्रोल आणि वायने प्लेलिस्ट जतन केली नाही तर त्या पुढच्या वेळी सापडत नाहीत. शिवाय नाव बदलायची सोय माउसच्या क्लिकवर बेतलेली आहे. एका बैठकीपुरतं चालेल, त्यापुढे मी त्यावर विसंबत नाही.

दुसरी पद्धत: ऑडॅसिटीची लेबलं

एकाच रेकॉर्डिंगवर पुन्हा पुन्हा बसायचं असेल तर ऑडॅसिटी घ्या. हे संपादनाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट, आणि कीबोर्डवरून जवळजवळ सगळं करता येतं. इथे खूण म्हणजे ‘लेबल’. रेकॉर्डिंग चालू असतानाच ते टाकता येतं, थांबावं लागत नाही. तालमीत हे फार मोलाचं आहे, कारण थांबलो की लयीचा धागा तुटतो.

आधी एक सेटिंग बदला. कंट्रोल आणि पीने प्रेफरन्सेस उघडा, ‘ट्रॅक्स बिहेविअर्स’ या भागात जा आणि नव्या लेबलच्या नावासाठी डायलॉग वापरायचा पर्याय निवडा. हे केलं नाही तर नाव थेट लेबलच्या पट्टीत टाइप होतं. एंटर दाबायला विसरलात की पुढचा स्पेसबार रेकॉर्डिंग थांबवण्याऐवजी नावात रिकामी जागा घालत बसतो आणि आपण मात्र संगणक अडकला म्हणून वैतागतो. डायलॉग उघडला की कुठे टाइप करतोय ते एनव्हीडीए स्पष्ट सांगतो.

फोनवरची पुष्कळ रेकॉर्डिंगं एम-फोर-ए प्रकारची असतात. ती विंडोजवरच्या ऑडॅसिटी ३ मध्ये उघडण्यासाठी एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं. ते नको असेल तर व्हीएलसीत कंट्रोल आणि आरने फाइल आधी एमपी-थ्री करून घ्या.

फाइल उघडली, स्पेसबारने वाजवायला लागलो. चालू असताना डावा-उजवा बाण एक सेकंद नेतो, शिफ्ट धरला तर १५ सेकंद. जागा आली की कंट्रोल आणि एम दाबा. डायलॉगमध्ये ‘अंतरा’ टाइप करा, एंटर. रेकॉर्डिंग तसंच पुढे चालू आहे. थांबताना एक भेद लक्षात ठेवा: स्पेसबारने थांबवलं तर कर्सर जिथून वाजवायला सुरुवात केली तिथे परत जातो, एक्स दाबून थांबवलं तर जिथे थांबलात तिथेच राहतो.

खुणांवरून फिरायला आल्ट आणि उजवा बाण पुढच्या लेबलवर नेतो, डावा मागच्या. एनव्हीडीए लेबलचं नाव आणि ते कितव्यापैकी कितवं ते सांगतो. वाजवत असतानाच हे दाबलं तर वाजणंही त्या जागेवरून सुरू होतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी बंदिशीच्या स्थायीवरून अंतऱ्यावर आणि परत असा नुसता फिरत बसलो होतो, इतका आनंद झाला होता.

एखादी तान घोटायची असेल तर जागेऐवजी तुकड्यावर लेबल टाका. वाजत असताना तानेच्या आधी डावा चौकटी कंस दाबा, तान संपली की उजवा, मग कंट्रोल आणि बी आणि नाव. पुढच्या वेळी आल्ट-बाणाने त्या लेबलवर आलात की तो तुकडा निवडला जातो आणि स्पेसबारने तेवढाच वाजतो. आठ सेकंदांची तान वीस वेळा ऐकायची तर वीस वेळा स्पेसबार, बाकी काही शोधायचं नाही.

लेबलं मजकुरात उतरवा

हा टप्पा वगळू नका. ऑडॅसिटीचा प्रकल्प जतन केला तर तो फार जागा खातो, कारण आतला आवाज दाबून लहान केलेला नसतो. नेहमीच्या सेटिंगला एका तासाचं मोनो रेकॉर्डिंग साधारण ६३५ एमबी होतं आणि स्टिरिओ त्याच्या दुप्पट. चार तालमींत पेन ड्राइव्ह भरला. त्यापेक्षा फक्त लेबलं बाहेर काढा: फाइल मेनूत एक्स्पोर्टच्या गटात ‘एक्स्पोर्ट लेबल्स’ आहे, आवृत्तीप्रमाणे त्याची जागा थोडी सरकलेली असते. साधी मजकुराची फाइल मिळते. तिला रेकॉर्डिंगचंच नाव द्या आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी मूळ रेकॉर्डिंग उघडा, फाइल मेनूतल्या इम्पोर्टमधून लेबलं आत घ्या, सगळ्या खुणा जागच्या जागी.

ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून एकदा ऐकाच. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात: सुरुवात सेकंदांत, शेवट सेकंदांत, आणि नाव, मध्ये टॅब. नुसत्या जागेची खूण असेल तर सुरुवात आणि शेवट सारखेच. त्यामुळे व्हीएलसीत करून ठेवलेली जुनी यादीही इथे कामी येते. १२ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ७६० सेकंद. ओळीत ७६०, टॅब, ७६०, टॅब, ‘मुखडा, तिसरा’ लिहिलं की ऑडॅसिटीला ते लेबल समजतं. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवर टाकायचे, देवनागरी आकडे चालत नाहीत. नाव मराठीत असलं तर हरकत नाही, फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन झाली म्हणजे झालं, आणि आताचं नोटपॅड आपणहून तसंच करतं.

कधी कधी व्हीएलसीत नोंदवलेली वेळ ऑडॅसिटीत दोन-चार सेकंद हुकलेली आढळते. चूक बहुधा तुमची नसते. काही एमपी-थ्री फाइलींत बिटरेट (दर सेकंदाला साठवलेल्या माहितीचं प्रमाण) सतत बदलता असतो, आणि फाइलच्या सुरुवातीला त्याचा नीट तक्ता नसेल तर प्लेअर उडी मारताना वेळ अंदाजाने काढतो. फाइल जितकी लांब तितका फरक जास्त. असं रेकॉर्डिंग असेल तर सगळ्या खुणा एकाच प्रोग्रॅममध्ये करा, किंवा ते आधी स्थिर बिटरेटवर बदलून घ्या आणि मगच खुणांना हात घाला.

फोनवर

प्रवासात संगणक नसतो. ॲन्ड्रॉइडच्या व्हीएलसीत आवाजाच्या फाइलींसाठी खुणा आहेत: रेकॉर्डिंग लावा, प्लेअर पूर्ण उघडा, जास्तीच्या पर्यायांत ‘बुकमार्क्स’ शोधा आणि तिथल्या जोडण्याच्या बटणावर डबल टॅप करा. नाव नंतर त्या खुणेच्या मेनूतून बदलता येतं. टॉकबॅक या ॲन्ड्रॉइडच्या स्क्रीन रीडरच्या नव्या आवृत्त्यांत दोन बोटांनी डबल टॅप केलं की स्क्रीनवर कुठेही असलात तरी वाजणं थांबतं आणि सुरू होतं. आयफोनच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरमध्येही हीच कृती चालते. पट्टी सरकवायची झाली तर तिच्यावर बोट नेऊन आवाजाच्या कळा दाबा, टॉकबॅक त्या कळांनी पट्टी पुढे-मागे करतो.

लोकलमध्ये केलेल्या या खुणा रात्री घरी पोचल्यावर मी एकेक ऐकतो आणि त्यांच्या वेळा नोटपॅडच्या त्याच यादीत उतरवतो. दहा खुणांना पाच-सात मिनिटं लागतात. त्याच वेळी नावंही नीट करून घेतो, कारण गर्दीत उभं राहून टाइप केलेलं ‘इथे’ किंवा ‘हे बघ’ दुसऱ्या दिवशी मलाच कळत नाही.