एमएला आफ्रिकन कादंबरी घेताय? मग थोडं ऐका

डिझर्टेशनसाठी मी आफ्रिकन कादंबरीतली इंग्रजी हा विषय का घेतला, तर खरं सांगते, कादंबऱ्या पातळ होत्या म्हणून. नायजेरियाचा कादंबरीकार चिनुआ अचेबे, त्याची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) दोन दिवसांत उरकली आणि मग महिनाभर नुसती थिअरी वाचत बसले. पहिला सिनॉप्सिस दिला तर गाइडनी वर पेन्सिलीने एवढंच लिहून परत केला, 'कादंबरी कुठंय?' बरोबरच होतं म्हणा, हायब्रिडिटी, म्हणजे संस्कृतींची सरमिसळ, पानोपानी आणि अचेबेचं एक वाक्य नाही.

म्हणून सांगते, सुरुवात वाक्यापासून करा. 'द आफ्रिकन रायटर अँड द इंग्लिश लँग्वेज' हा अचेबेचा छोटासा लेख आधी वाचा. त्यात त्याने स्वतःच्याच 'ॲरो ऑफ गॉड' (1964) मधला उतारा घेतलाय. पुजारी एझेउलू पोराला मिशनऱ्यांकडे पाठवतोय आणि म्हणतोय, तिथे माझे डोळे हो, काही नसलं तर परत ये, काही असलं तर माझा वाटा घरी घेऊन ये. मग अचेबे हेच बोलणं साहेबी इंग्रजीत करून दाखवतो, म्हणजे तुला प्रतिनिधी म्हणून पाठवतोय, न जाणो हा नवा धर्म वाढला तर आपण सेफ, असं काहीतरी. पुजारी गेला आणि एकदम हेडक्लार्कच बोलायला लागला की! मला विषय तिथे कळला.

तेव्हापासून मी संवाद मोठ्याने मराठीत करून बघते. जे वाक्य आमच्या गावाकडच्या आजोबांच्या तोंडी पटकन बसतं तिथे इंग्रजीच्या खाली इग्बो, म्हणजे अचेबेची मातृभाषा, असणार असं धरून पेन्सिलने खूण करायची. हा काही पुरावा नाही, थिसिसमध्ये लिहाल तर मार खाल, पण कुठे खणायचं ते कळतं.

नुसता अचेबे घेऊन थांबू नका, नाहीतर इंग्रजी वाकवली की झालं असं वाटायला लागतं. केनियाचा न्गुगी वा थिओंगो पण आधी इंग्रजीतच लिहायचा. 1977 मध्ये कामिरीथूला त्याने गावातल्याच शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयूत, म्हणजे स्वतःच्या मातृभाषेत, नाटक केलं, सरकारने ते बंद पाडलं आणि वर्ष संपता संपता याला खटला न चालवता आत टाकलं. तिथे त्याने टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. शाळेत गिकुयू बोलताना पोरगं सापडलं की छड्या नाहीतर गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी, ही त्याची आठवण 'डीकॉलनायझिंग द माइंड' (1986) मध्ये आहे, ती वाचल्यावर आफ्रिकन लेखकाने आपल्याच भाषेत लिहावं हा त्याचा हट्ट कळतो.

व्हायव्हात मला विचारलंच, तू कुणाच्या बाजूने? मी मराठी मीडियमची, आयुष्यभर इंग्रजीला घाबरलेली, तोंडातून न्गुगी निघून गेलं, आणि हे मी इंग्रजीत सांगत होते! एक्स्टर्नल हसले आणि पुढचा प्रश्न विचारला.

नायजेरियाच्याच केन सारो-विवाची 'सोझाबॉय' (1985) ही कादंबरी मात्र शेवटी घ्या. तिच्या इंग्रजीला तो स्वतःच 'रॉटन', म्हणजे सडकी, म्हणतो, मनात वाचून काही कळत नाही, खोलीचं दार लावून मोठ्याने वाचा.