गच्चीवरून गुरू ग्रहाचं वस्तुमान कसं काढायचं

गुरू पृथ्वीच्या किती पट जड आहे हे घरबसल्या काढता येतं, खरंच. त्यासाठी अंजनेरीला अंधारात जायची पण गरज नाही, कॉलेज रोडच्या लाईटीतही गुरू मस्त दिसतो. फक्त पावसाळा सोडा, नाशिकला तेव्हा आभाळ मोकळं मिळतच नाही.

१०x५० ची (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण घ्या आणि कठड्यावर नीट टेकवा, हात हलला की सगळं गेलं. गुरूच्या आजूबाजूला एका रेषेत बारीक ठिपके दिसतील, ते त्याचे चंद्र, गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले तेच. त्यातला सगळ्यात तेजस्वी गॅनिमीड, कोणता ते स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपवर बघून घ्या.

आता रोज एकाच वेळी वहीत चित्र काढायचं, ठिपका कुठल्या बाजूला आणि किती लांब. एका बाजूला सगळ्यात लांब गेलेला गॅनिमीड परत त्याच बाजूला तितकाच लांब दिसायला साधारण ७.१५ दिवस लागतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या बघा आणि सरासरी काढा. अंतरासाठी मात्र छोटा टेलिस्कोप लागेल, त्यात गुरूची थाळी, म्हणजे त्याची दिसणारी गोल चकती, मोजपट्टीसारखी वापरायची. गॅनिमीड जास्तीत जास्त साडेसात थाळ्या लांब जातो, गुरूचा व्यास १.४३ लाख किमी, म्हणजे अंतर झालं १०.७ लाख किमी.

खरी मजा पुढे आहे. आपला चंद्र ३.८४ लाख किमीवरून २७.३ दिवसांत फेरी मारतो. मधली वस्तू जितकी जड तितकी तिची ओढ जास्त, आणि त्या ओढीत आत न पडता फिरायचं तर वेग पण जास्तच हवा, म्हणून फेरीचा वेळ आणि अंतर मिळालं की वस्तुमान आपोआप हाती येतं. नियम असा, अंतराच्या घनाला फेरीच्या वेळाच्या वर्गाने भागायचं, आणि गुरूचं उत्तर पृथ्वीच्या किती पट ते बघायचं. गॅनिमीडचं अंतर भागिले चंद्राचं अंतर, हे गुणोत्तर २.७९, त्याचा घन करा, २१.७. दिवस भागाकारात येतात म्हणून उलटे घ्यायचे, चंद्राचे भागिले गॅनिमीडचे, हे गुणोत्तर ३.८२, त्याचा वर्ग १४.६. दोन्हींचा गुणाकार ३१७ च्या आसपास. पुस्तकातला आकडा ३१८ आहे, बघा किती जवळ आलो आपण!

हेच गणित आकाशगंगेच्या मध्याला लावा, फक्त इथे तुलना सूर्याभोवती एका वर्षात फिरणाऱ्या पृथ्वीशी. तिथे एस२ नावाचा तारा काहीच न दिसणाऱ्या जागेभोवती १६ वर्षांत फेरी मारतो, आणि त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या साधारण १००० पट मोठी आहे. १००० चा घन भागिले १६ चा वर्ग, उत्तर ३९ लाख सूर्य! बारकाईने मोजलं तर ते ४३ लाखांच्या आसपास येतं, आणि अशा ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून ही अवजड वस्तू दाखवून देणाऱ्या राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. कृष्णविवर, दुसरं काय असणार तिथे.